सुकटीचा वास

माझ्या खोलीत आम्ही दोघी श्वास घेतो. माझा ऐकू येत नाही, तिचा येतो. घुर्र घुर्र, मधेच शिट्टी, मग शिंक. शाळेतून येऊन कुलूप काढलं की आधी तो आवाज ऐकते, मग दिवा लावते.

नळदुर्गात मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि हे सांगायला मला अजूनही आवडतं. आई-वडील आता नाहीत. भाऊ पुण्याला असतो, त्याला वेळ नसतो. लग्न जमलं नाही. त्यावर रडत बसायची मला सवय नाही, पण सुट्टीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत तोंडातून एक शब्द निघालेला नसतो, हेही खरं.

मांजर शाळेत खिचडी शिजते त्या शेडमागं सापडली. एवढीशी, डोळे चिकटलेले, नाकातून पिवळा शेंबूड. डोळे उघडले, अंगानं भरली, पण नाक काही सुकलं नाही. शिंकली की भिंतीवर, उशीवर, तपासायला आणलेल्या पेपरांवर शिंतोडे. एका मुलीनं पेपर हातात घेऊन विचारलं, "मॅडम, ह्ये डाग कशाचं?"

"विज्ञानाचं," मी म्हणाले.

जनावरांच्या दवाखान्यात पहिल्यांदा तिला पिशवीत घालून नेलं, तेव्हा पुढं दोन म्हशी आणि एक लंगडणारा बैल होता. म्हशीवाल्या मामांनी पिशवीत वाकून बघितलं.

"बाई, दूध किती देती?"

"देत नाही मामा, पिती."

"मग आमच्या सुनंसारखीच की!"

सगळे हसले. मीही हसले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. तिचं तोंड उघडून दात बघितले, दोन्ही नाकपुड्यांपुढं काच धरून वाफ कुठल्या बाजूनं धरते ते पाहिलं.

"लहानपणी विषाणूचा ताप येऊन गेलाय," ते म्हणाले. "नाकाच्या आतली नाजूक हाडं तेव्हाच खराब झाली. आता हे मुळातून जायचं नाही, मॅडम. सांभाळायचं. थंडीत, धुळीत उफाळणार. कोमट पाण्याच्या बोळ्यानं नाक पुसायचं, वाफ द्यायची. बाम लावायचा नाही, माणसाची गोळी तर अजिबात नाही. एकाच बाजूनं रक्त आलं किंवा तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागली तर लगेच आणा."

सांभाळायचं तर सांभाळायचं. हायवेची धूळ रोज ओल्या फडक्यानं पुसायची. उदबत्ती बंद केली. बुद्धाच्या मूर्तीपुढं आता नुसती फुलं ठेवते. थंडीत न्हाणीघरात उकळत्या पाण्याची बादली भरायची, दार लावायचं आणि दोघींनी आत बसायचं. भिंतींना पाणी सुटतं, माझा चष्मा धुरकट होतो, ती पाटावर पाय दुमडून बसते. तिथं मी तिच्याशी बोलते. शाळेत कोण काय म्हणालं, भावाचा फोन कसा आला नाही. ती शिंकते. तेवढं उत्तर पुरतं.

यंदाच्या थंडीत नाक असं चोंदलं की तिनं खाणंच सोडलं. दूध ठेवलं, दही ठेवलं, दुधात चपाती कुस्करली. ती वाटीपर्यंत यायची, बघायची, परत फिरायची. पाठीवरून हात फिरवला की मणके लागायला लागले. डॉक्टरांकडं परत गेले. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "मांजर वासावर जेवतं. वास आला नाही तर भरल्या वाटीपुढं उपाशी बसंल. आणि मांजराचं पोट असं रिकामं राहिलं की यकृत जातं. मग माझ्या हातात काही राहणार नाही. नाक साफ करून काहीतरी वासाचं, गरम द्या. सुकट द्या. मीठ धुऊन काढा, तव्यावर गरम करा."

सुकट म्हणजे आमच्या घरचाच वास. पण खोली घेताना मी खाली राहणाऱ्या घरमालकीण काकूंना शब्द दिला होता. त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग, "खाता का?" मी सरळ सांगितलं, "खाते. पण तुमच्या घरात शिजवणार नाही." चोरून भाजायला खिडक्या लावून घेता आल्या असत्या. ते मला जमणारं नव्हतं. मी खाली गेले.

काकू शेंगा फोडत बसल्या होत्या.

"काकू, मांजरासाठी सुकट गरम करायची आहे."

"मॅडम, तुमी शब्द दिलता."

"दिलाय. म्हणूनच विचारायला आले."

"दूध-चपाती घाला की. आमच्या म्हायेरची मांजरं काय सुकट खात्यात व्हय?"

"उंदीर खात असतील की काकू."

त्यांच्या ओठांवर हसू आलं, ते त्यांनी पदरानं पुसलं. "ते घराभायेर खात्यात. तुमीबी घराभायेर करा. पलीकडं मोकळी जागा हाय. गच्चीवर न्हाय, जिन्यात न्हाय."

मी गुरुवारी सकाळी तीन दगड मांडले. जळणाला काकूंच्याच परसातल्या तुराट्या मागून घेतल्या. त्या त्यांनी दिल्या. आई आयुष्यभर अशीच उघड्यावर, धुरात डोळे पुसत भाकऱ्या थापायची. शिकले तेव्हा मनाशी ठरवलं होतं की मी चुलीपुढं उकिडवी बसणार नाही. शाळेची साडी खोचून बसले. रस्त्यानं नववीची पोरं चालली होती.

"मॅडम, पार्टी?"

"हो. तुम्हाला बोलावलं नाही. प्रार्थना चुकवू नका."

पोरं गेली. तवा तापला आणि वास सुटला. किती दिवसांनी. तो माझ्या घशात उतरला आणि मला एकदम रडू आलं. धूर होता, कुणी बघितलं असतं तरी चाललं असतं. कुणी बघत नव्हतं.

मांजर टोपलीत होती. तिला आधीच वाफ दिली होती, नाकपुड्या पुसल्या होत्या. सुकट चुरली, कोमट पाण्यात कालवली, बोटावर घेऊन तिच्या नाकापुढं धरली. ती मान फिरवून बसली. बोट तसंच धरलं. तिनं तीनदा-चारदा शिंकून सगळं माझ्या मनगटावर उडवलं, आणि मग नाकपुडीची कड हलली. मान वळली. जीभ बोटाला लागली, खरखरीत. मग तिनं बशीत तोंड घातलं. घुरघुरत, थांबत, श्वास घ्यायला तोंड वर काढत ती खात राहिली.

भावाला फोन लावला. "खाल्लं तिनं," मी म्हणाले.

"कुणी?"

"मांजरानं."

"बरं झालं की. ताई, मी गाडीवर आहे, नंतर बोलतो."

तव्याच्या कडेला थोडी सुकट उरली होती. डब्यात शाळेसाठी घेतलेली ज्वारीची भाकरी होती. डबा उघडला आणि तिथंच, उन्हात, रस्त्याकडं तोंड करून मीही जेवायला बसले.