रुमालाने धरलेली जागा

हे सांगायचं मी अनेक वर्षं टाळलं.

साताऱ्याच्या आमच्या छोट्या चिप डिझाइन कंपनीत एक इंजिनिअर माझ्या हाताखाली होते. गाव कडेगावजवळ. कमी व्होल्टेजचा सिग्नल जास्त व्होल्टेजच्या भागाला कळेल असा चढवून देणारी सर्किटं ते आखत. सांडलेल्या चहात बोट बुडवून टेबलावर ट्रान्झिस्टर काढत आणि एखादा नको वाटला की पुसून म्हणत, "जा गड्या, तुझं काम न्हाई हितं."

एकदा जागा वाचवायला मी त्यांना खालचे दोन ट्रान्झिस्टर बारीक करायला लावले.

"आवं सर, वरचे दोघं लय दांडगे हायत. ही बारकी त्यांना खाली ओढत्याल व्हय?"

"बैल जुंपताय का? करा बारीक," मी हसून म्हणालो.

चिप बनून आली आणि थंडीत सिग्नल मधेच अडकू लागला. बैठकीत मालकांनी विचारलं, "हे आखलं कुणी?" ड्रॉइंगवर नाव त्यांचं होतं. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत राहिलो. पुढे त्यांना नवं सर्किट कधीच मिळालं नाही. कायमचं टेस्टिंगला बसवलं.

परवा ते सांगली स्टँडवर भेटले. साताऱ्याची गाडी लागताच त्यांनी गर्दीत घुसून खिडकीतून रुमाल टाकला आणि माझ्यासाठी जागा धरली, पूर्वी धरायचे तशीच.

"बसा सर. गुडघं दुखत असत्याल."

त्यांना स्वतःला कडेगावची गाडी धरायची होती, तरी ते माझ्या खिडकीखाली थांबले. मला फक्त म्हणायचं होतं, चूक माझी होती. गाडी हलली. मी हात बाहेर काढून म्हणालो, "तुमचा रुमाल राहिला."