एक बट कमी

लग्नानंतरच्या सव्वीस वर्षांत सासूबाईंवर मी एकदाच ओरडले, तेही साडेतीन वर्षांच्या एका मुलाच्या केसांवरून. मनातल्या मनात किती वेळा ओरडले ते विचारू नका.

मुलगा आमचा नव्हता. लेक कॉलेजला गेली, मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या एवढ्या मोठ्या घरात आम्ही दोघंच उरलो आणि मी फॉस्टर केअरचं ट्रेनिंग घेतलं. ज्या मुलांना काही काळ स्वतःच्या घरी राहता येत नाही, त्यांना सांभाळायचं. नवरा म्हणाला, "त्यापेक्षा कुत्रा पाळू या की." मी ऐकलं नाही. पहिलाच फोन आला तो या मुलासाठी. वर, उत्तर मिशिगनमधल्या एका नेटिव्ह ट्राइबचा, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमातीचा. अशा मुलांसाठी आधी त्यांच्याच नात्यातलं, समाजातलं घर शोधायचं असा कायदा आहे. याची आजी एका पायावर तयार होती, पण तिच्या घराची दुरुस्ती आणि कागदपत्रं व्हायला काही महिने लागणार होते. तेवढ्यापुरते आम्ही.

ट्राइबच्या सोशल वर्करबाई पहिल्या दिवशी आमच्याकडे पोहे खात तासभर बोलल्या आणि जाताना दारात थांबून पुन्हा म्हणाल्या, "केसांना कात्री लावायची नाही. टोकंसुद्धा नाही." मी मान डोलावली. खांद्याखाली येणारे काळेभोर, सरळ केस होते त्याचे. मराठी मंडळाच्या पिकनिकला सगळ्या काकू म्हणायच्या, "किती गोड मुलगी!" तो स्वतःच ठणकावून सांगायचा, "आय ॲम अ बॉय!" आणि दुसरा लाडू उचलायचा.

मग सहा महिन्यांसाठी नाशिकहून सासूबाई आल्या. त्यांना इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नव्हतं, आणि दोघांचंही त्यावाचून काही अडत नव्हतं. आठवड्याभरात तो ताट पुढे करून "अजून" म्हणायला शिकला आणि सासूबाई विरघळल्या. फक्त केस त्यांच्या डोळ्यांत खुपायचे.

"अगं, याचं जावळ नाही का काढलं कुणी?"

"त्यांच्यात नाही काढत, आई."

"सर्दी बघ केवढी झालीय. केसांत पाणी मुरतं."

मी "हं" म्हटलं आणि डिशवॉशर लावायला गेले. चूक झाली ती इथे, आणि ती माझी. सासूबाईंना एखादी गोष्ट समजावायची म्हणजे एक अख्खी संध्याकाळ घालवायची. मी आळस केला.

दोन दिवसांनी ग्रोसरी घेऊन घरी आले तर हॉलमध्ये मुलगा छोट्या स्टुलावर बसलेला. गळ्याभोवती माझा चांगला टॉवेल. समोर ताटात निरांजन आणि गूळ-खोबऱ्याची वाटी. मागे सासूबाई, एका हातात शिवणाची कात्री आणि दुसऱ्या हातात त्याच्या कपाळावरची लांबलचक बट. कापलेली.

"आई! हात लावू नका त्याला!"

पिशवी हातातून सुटली, कांदे सोफ्याखाली गेले, मुलगा भोकाड पसरून रडायला लागला. सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. "अगं, त्याचं कुणीच काही केलं नाही," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आपल्या घरात आहे तर आपण करावं ना लेकराचं."

माझा राग अर्धा तिथेच गेला. उरलेला माझ्यावरच होता. मग मी त्यांना आधीच सांगायला हवं होतं ते सांगितलं. या लोकांची मुलं एकेकाळी सरकारी माणसं घरातून उचलून दूरच्या शाळांमध्ये नेत. तिथे आधी केस कापत, मग त्यांची भाषा बंद करत. सासूबाईंनी कात्री ड्रॉवरमध्ये ठेवली आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मी वर्करबाईंना फोन केला. "मला हे रिपोर्ट करावं लागेल," त्या म्हणाल्या. "शनिवारी आजी भेटायला येणारच आहेत. त्यांना तुम्हीच सांगा." मुलाला आमच्याकडून हलवतील, वर्षभरातल्या तिसऱ्या परक्या घरी पाठवतील, अशी मला भीती वाटली.

शनिवारी आजी चार तास ड्राइव्ह करून आल्या. उंच, जाडजूड बाई, पिकअप ट्रकमधून उतरल्या ते मेपल सिरपची बाटली घेऊनच. मी इंग्रजीत चांगली चार वाक्यं पाठ केली होती. सासूबाईंनी मला तोंड उघडू दिलं नाही. हात जोडून पुढे झाल्या आणि मराठीतच म्हणाल्या, "मी कापले. हिला काही बोलू नका." मग कमरेच्या बटव्यातून नव्या खणाच्या तुकड्यात गुंडाळलेली पुडी काढली. "जावळ आम्ही कचऱ्यात टाकत नाही. एकूण एक केस आहे यात."

मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. आजींनी पुडी उघडली आणि त्या बटेकडे बघत राहिल्या. मुलगा त्यांच्या पायाला मिठी मारून उभा होता.

"माझी आई सहा वर्षांची होती," त्या म्हणाल्या. "शाळेत तिची वेणी कापली. म्हातारी झाल्यावरसुद्धा विचारायची, त्यांनी माझी वेणी टाकली कुठे?" त्यांनी पुडी पुन्हा नीट बांधली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "ही कुठे आहे ते मला माहीत राहील."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण मला रडूच आलं. कसंबसं सांगितलं, तर सासूबाईही रडायला लागल्या.

"कात्री कुठेय?" आजींनी विचारलं.

"ड्रॉवरमध्ये."

"राहू दे तिथेच." आणि त्या खो खो हसल्या, तसा माझा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी सासूबाईंना शेजारी बसवून वेणी घालायला शिकवली. ज्यांनी मला, माझ्या लेकीला, अख्ख्या गल्लीतल्या पोरींना वेण्या घालून दिल्या, त्या बाई निमूटपणे शिकल्या. वेणी घालताना मनात चांगलं आणायचं, आजी म्हणाल्या. "हे मात्र मला नव्हतं माहीत," सासूबाई म्हणाल्या, "मी तर पोरींना धपाटे घालत वेण्या घातल्या." मी हेही भाषांतर केलं. वेणी झाली, पुढची बट मात्र कोंबड्याच्या तुऱ्यासारखी उभीच. मुलाने आरशात बघितलं आणि म्हणाला, "अजून."

आजींनीच वर्करबाईंना सांगून मुलाला आमच्याकडे राहू दिलं. सासूबाई परत जाईपर्यंत रोज सकाळी त्यांनी त्याची वेणी घातली, त्यांच्यानंतर मी. मे महिन्यात तो आजीकडे, आपल्या माणसांत गेला. त्या दिवशी मी खूप रडले आणि नवऱ्याने कुत्र्याचा विषय पुन्हा काढला.

त्यानंतर नाशिकहून दर व्हिडिओ कॉलला पहिला प्रश्न तोच, "बट वाढली का गं?" मधूनमधून आजी फोटो पाठवायच्या. बट कपाळावर, मग डोळ्यांवर, मग कानामागे. यंदा शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो आला. समोरचे दोन दात पडलेले, घट्ट वेणी. मी तो लगेच नाशिकला पाठवला. मिनिटभरात सासूबाईंचा फोन.

"अगं, बट कुठे दिसत नाही?"

"वेणीत गेली, आई."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "सुटले गं बाई मी."