शनिवारची गाडी

शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून गाडीची तपासणी मी शुक्रवारी संध्याकाळीच उरकते. बॉनेट उघडायचं, ऑइलची कांडी ओढून कापडाला पुसायची, पुन्हा बुडवून बघायची. कूलंट कुठवर आहे ते बघायचं. बॅटरीच्या टोकांवर पांढरं साचलं असेल तर कोमट पाण्याने धुऊन वर व्हॅसलीन चोपडायचं. कंधारात आमच्या गल्लीत एक बाई बॉनेटमध्ये डोकं घालून उभी आहे म्हटल्यावर पहिल्या वर्षी लोक थांबून बघायचे. आता शेजारचे काकाच त्यांच्या गाडीचा आवाज ऐकायला मला बोलावतात.

गाडी आम्ही घेतली तेव्हाच जुनी होती. आता तिच्या वयाची दुसरी गाडी रस्त्यात दिसली की ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. तिने मला कधी वाटेत सोडलं नाही, कारण मी तिला तशी संधीच दिली नाही. आमच्याकडे काळ्या मातीची धूळ, म्हणून एअर फिल्टर वेळेआधीच बदलायचा. बेल्टला बारीकशी चीर दिसली तरी नवा टाकायचा. बसस्टँडजवळचा मिस्त्री म्हणतो, "मॅडम, तुम्ही गाडीला लईच जपून राहिल्या."

जपणार नाही तर काय. मी कंधारजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि नवरा चाकूर तालुक्यातल्या. दोघंही मास्तर, पण जिल्हे दोन, त्यामुळे लग्न झाल्यापासून संसार दोन गावांत वाटलेला. चौथीतली मुलगी माझ्याजवळ असते. शनिवारी शाळा सुटली की तिला मागच्या सीटवर बसवायचं, लोहा, अहमदपूर करत चाकूर गाठायचं आणि रविवारी संध्याकाळी परत फिरायचं. नवऱ्याशी बोलताना मी अहो-जाहो करते. लिहितानाही कशाला करू? त्याला गाडी चालवता येते, पण कंबर धरते म्हणतो. शिवाय सासूबाईंना एकटं सोडता येत नाही. सासूबाई रोज सकाळी शेजारणींबरोबर महादेवाला चालत जाऊन येतात, हेही आपलं सांगून ठेवते.

यावर इलाज एकच होता, बदली. एकाने आपला जिल्हा सोडून दुसऱ्याच्या जिल्ह्यात जायचं. जो जातो त्याची ज्येष्ठता जाते, नव्या जिल्ह्यात तो सगळ्यांच्या शेवटी लागतो. नवऱ्याची नोकरी माझ्याहून कमी वर्षांची, म्हणून अर्ज त्याने करायचा, असं आम्ही दोघांनी बसून ठरवलं. सासूबाईही कंधारला यायला तयार झाल्या. पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा जागाच नव्हती. नंतर सगळी प्रक्रियाच कुठेतरी अडकून बसली. यंदा मात्र नक्की होणार, असं शाळेत सगळे म्हणत होते. मी घरमालकाकडे वरची खोली मागून ठेवली होती. मुलीने तर ती बाबांची खोली आहे म्हणून मैत्रिणींना दाखवूनही टाकली होती.

परीक्षांच्या आधीचा एक रविवार होता. चाकूरला अंगणात, निघायच्या आधी, मी रेडिएटर बघत होते. नवरा पाण्याची बाटली धरून शेजारी उभा होता.

"यादी कधी लागायचीय?" मी विचारलं.

"कशाची?"

"बदल्यांची हो."

त्याने बाटलीचं झाकण लावलं, नीट पिळून लावलं. "यंदा म्या अर्ज भरला न्हाई."

मला वाटलं, चेष्टा करतोय. त्याच्या तोंडाकडे बघितलं तर तसं काही दिसेना. का, म्हणून विचारलं.

"अगं, गाडी तर एकदम बेस चालून राहिली. तू बी दर शनिवारी येऊन राहिलीस. पोरगी खूश हाय. मग उगं ज्येष्ठता कशाला घालवायची? अडलंय काय?"

मी मराठी शिकवते. मुलांच्या वह्यांतलं 'येऊन राहिले' खोडून 'येत आहे' करते आणि घरी स्वतः तसंच बोलते. पुण्याकडच्या माणसाने ते ऐकलं तर त्याला वाटतं, बाई आली आणि मुक्कामाला थांबली. आमच्या बोलीत तसं काही नसतं, त्यातलं राहणं नुसतं नावाला. इतकी वर्षं मी चाकूरला येऊन राहिले होते. राहिले मात्र कधीच नव्हते.

रडू आलं नाही. राग आला, आणि तोही आधी माझा मलाच. ही गाडी दोन-चारदा अहमदपूरच्या पुढे उन्हात बंद पडली असती, मुलीला घेऊन मी रस्त्याच्या कडेला बसले असते, तर त्याने हातातलं काम टाकून अर्ज भरला असता. मी तिला अशी ठणठणीत ठेवली की कुणाचं काही अडलंच नाही. माझं अडलं होतं, पण मी तर दर शनिवारी वेळेवर हजर. मी बॉनेट आपटून बंद केलं.

"हळू की," तो म्हणाला. "जुनी गाडी हाय."

त्या आठवड्यात गाडी शाळेला नेली-आणली, पण तिच्या देखभालीला हात लावला नाही. ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून किरकिर यायची, ती ऐकून न ऐकल्यासारखी केली. पड बाई एकदाची बंद, असं मनात म्हणत होते. गुरुवारी शाळेतून येताना मुलगी मागून म्हणाली, "आई, ब्रेक रडून राहिलाय." मी गाडी तशीच मिस्त्रीकडे वळवली. मागच्या सीटवर ती बसते, आणि लोह्याच्या पुढे हायवेला ट्रक कसे अंगावर येतात ते मला माहीत आहे. गाडीला मरू द्यायची सोयसुद्धा मला नव्हती. मिस्त्रीने ब्रेकचे पॅड बदलले, एक चक्कर मारून आला आणि खुशीत म्हणाला, "अजून पाच-सहा साल हिला काय बी व्हत न्हाई, मॅडम. फिकर सोडा."

संध्याकाळी मी नवऱ्याला फोन केला. म्हटलं, गाडी बंद पडली.

"काय झालं?"

"चालूच होईना."

मी वाट बघत होते. चाकूरहून इकडे यायला एसटी आहे, शनिवारी त्याचीही शाळा सकाळचीच असते, आणि 'म्या येतो' म्हणायला काही वेळ लागत नाही. उंबऱ्यावर गृहपाठ करत बसलेल्या मुलीने मान वर करून आधी दारातल्या गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग मिस्त्रीला दाखव की," तो म्हणाला. "शनिवारपर्यंत होऊन जाईल न्हवं?"

"होईल," मी म्हणाले.