दोन हाकांवर बांधलेली भिंत

सरदार फाद्रिके दे आल्मोनासिद यांनी आयुष्यभर उभं राहण्याचं काम केलं. ते काम होतं, असं मी म्हणतो. मी एकेचाळीस वर्षं गवंडीकाम केलं आहे; कष्ट कशाला म्हणतात हे मला कोणी शिकवू नये. माद्रिदच्या राजवाड्यात राजासमोर कोणी बसत नाही, भिंतीला टेकत नाही. सरदारांच्या पोटऱ्यांवरच्या शिरा मी पाहिल्या आहेत. दोरखंडासारख्या फुगल्या होत्या.

त्यांच्याकडे आणखी एक काम होतं. रोज सकाळी राजाला उठवणं. राजाची झोप जड. पहिल्या हाकेला काही नाही. दुसरीला ते कूस बदलायचे. तिसरीला डोळे उघडायचे. एकतीस वर्षं हेच चाललं. चौथी हाक कधी लागली नाही.

मग एका नोव्हेंबरात राजा वारले आणि दोन दिवसांची वाट चालून त्यांना आमच्या डोंगरातल्या मठात आणलं. मेलेला राजा इथे लगेच संगमरवरी पेटीत जात नाही. आधी तळघरातल्या एका खोलीत चुन्यात ठेवतात आणि खोलीचं तोंड भिंतीनं बंद करतात. पंचवीस वर्षांनी हाडं उरली की मग पेटी. ती भिंत बांधायला मला बोलावलं होतं.

भिंतीआधी एक रिवाज असतो. शवपेटीचं झाकण उघडून राजवाड्याचा मुख्य मानकरी राजाच्या कानात तीनदा हाक मारतो. उत्तर आलं नाही, की म्हणतो, "महाराज बोलत नाहीत, म्हणजे महाराज खरंच गेले." आणि हातातली काठी मोडतो. मुख्य मानकऱ्याचे पाय सुजले होते, म्हणून ते काम फाद्रिकेंवर आलं.

मी चुना कालवून बाजूला उभा होतो. थंडीत कालवलेला चुना फार थांबत नाही, म्हणून माझं सगळं लक्ष त्यांच्याकडे होतं.

ते वाकले. "महाराज." थांबले. "महाराज." पुन्हा थांबले. तोंड उघडंच राहिलं. मग एकदम ताठ झाले, ठरलेलं वाक्य म्हणाले आणि काठी मोडली.

भिक्षू कुडकुडत होते, बाकीचे सरदार आपापल्या बुटांकडे पाहत होते. कोणी मोजलं नाही. मी मोजलं होतं. पण गवंड्यानं तिथं तोंड कसं उघडायचं? मी पहिली वीट ठेवली. दुपारपर्यंत दोनशे बारा विटा झाल्या. सांधे बारीक, ओळंबा बरोबर. काम चांगलं झालं होतं आणि मला त्याचा आनंद झाला नाही.

पुढच्या वर्षी त्याच तारखेला सरदार आमच्या दारात आले. दरबार सोडला होता. माझ्या बायकोनं, बेनितानं, चण्यांचा वाडगा दिला. ते उभ्यानंच खाऊ लागले.

"बसा की सरदार," बेनिता म्हणाली. "इथं राजा नाही. हा आहे फक्त, आणि हा काय, स्वतःच्या घरात राजा होऊ शकला नाही."

ते बाकाच्या कडेला टेकले. मग मला म्हणाले, "सिल्वेस्त्रे, तू मोजल्या होत्यास?"

"हो."

"किती?"

"दोन."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "मला वाटत होतं, कोणीतरी तीन म्हणेल."

"का थांबलात?"

"तिसरीला ते उठतात. उठले नसते, तर मग खरंच गेले असते. रोज सकाळी माझ्या खोलीत कूस बदलल्याचा आवाज येतो. ते वाट पाहताहेत. एक वीट काढ. मला एकच हाक मारायची आहे."

"काढायला अर्धा तास. बसवायला दिवस. आणि नवा चुना लपत नाही. हुकमाशिवाय ती भिंत उघडली तर आपल्या दोघांच्या माना जातील."

"मग थांबतो," ते म्हणाले. थांबणं त्यांना येत होतं.

दरवर्षी येत, भिंतीसमोर तासभर उभे राहून जात. तिसऱ्या वर्षी शेजारच्या खोलीतली फरशी बसवताना मी त्या भिंतीला कान लावला. आवाज आला. चुना सुकताना भिंत वाजते, हे मला माहीत आहे. पण ती केव्हाच सुकली होती.

पंचविसाव्या वर्षी हुकूम आला. मी काम सोडलं होतं, गुडघे गेले होते. तरी म्हणालो, माझी भिंत मीच काढणार. सरदारांना दोन हमालांनी खुर्चीतून आणलं. उन्हाळ्यात त्यांचं अर्धं अंग गेलं होतं आणि वाचाही गेली होती.

पहिली वीट निघायलाच तास गेला. वाट मोकळी झाल्यावर सरदार उठू लागले. हमालानं आणि मी धरून त्यांना उभं केलं. त्यांनी तोंड उघडलं. नुसता श्वास आला. पुन्हा तसंच. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हे काय चाललंय?" मठाधिपती म्हणाले.

मी आत वाकलो आणि झोपलेल्या माणसाला मारतात तशी हाक मारली. "महाराज."

थांबलो. चांगला भरपूर वेळ थांबलो. त्यात कसूर केली नाही. उत्तर आलं नाही. कूस बदलल्याचा आवाजही आला नाही.

सरदारांनी सुस्कारा सोडला, आणि राजासमोर, कोणी न सांगता, खुर्चीत बसले. त्या वर्षी बर्फ पडायच्या आत तेही गेले.

आता बेनिता सकाळी हाक मारते, तेव्हा मी पहिल्याच हाकेला उठून बसतो.

"कामाला कुठं जायचंय म्हाताऱ्या? लोळ की जरा," ती म्हणते.

मी लोळत नाही. दुसऱ्या हाकेला कूस बदलायची मला भीती वाटते.