आबांचा समुद्र

जगातल्या कुठल्याच गावाचं आबांना नवल नव्हतं. कोणतंही नाव काढा, "माले बठ्ठं माहीत शे," म्हणजे सगळं माहीत आहे, हे उत्तर तयार. मूळचे सोनगीरचे. जन्मभर आग्रा रोडवर उत्तरेकडेच ट्रक चालवून ते धुळ्यात आमच्या गल्लीत स्थिरावले होते. संध्याकाळी ओट्यावर बसून समुद्राच्या गोष्टी सांगायचे. ताडाएवढ्या लाटा, किनाऱ्यावर खाल्लेली ताजी मासळी! त्यांच्या पत्नी, अक्का, दारात शेंगा सोलत निमूट ऐकायच्या.

एका दिवाळीत अक्का म्हणाल्या, "एकदा मालेबी दखाडा तो समुद्र."

आबा चक्क खोकू लागले. त्यांना घाम फुटला होता हे मला कळायला हवं होतं, पण मी उत्साहानं ओरडलो, "चला, डहाणूला जाऊ! वाळूत तंबू ठोकू!" गल्लीनं टाळ्या वाजवल्या. आबा अडकले.

त्यांच्या जुन्या मॅटाडोरमध्ये स्टोव्ह, कळण्याच्या भाकरी, ट्रकची ताडपत्री आणि आम्ही तिघं. रस्ता कुणाला विचारायचा नाही, हा आबांचा बाणा. जव्हारच्या अलीकडे एकच पिंपळ पुन्हा पुन्हा भेटायला लागला, तेव्हा अक्का शांतपणे म्हणाल्या, "याले वळखतस का तुम्ही?"

सकाळी डहाणू गाठलं. समोर एवढं पाणी, आणि आबा गप्प! तंबूची जागा मी निवडली. पांझरा नदीच्या काठी जेवायला जातो तसं पाण्याला चिकटून, म्हणजे भांडी घासायला सोपं. वाळू कशी सपाट, गार, ओलसर! ती ओली का आहे, हा प्रश्न मला पडला नाही. मी शाळेत भूगोल शिकवायचो. भरती-ओहोटीची आकृती रंगीत खडूनं काढण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता.

मग बाजार. कोळणीच्या पाटीत बोंबील होते, लुसलुशीत, पाणी निथळणारे. आमच्याकडे आठवडी बाजारात बोंबील येतो तो वाळलेला, काडीसारखा. आबांचा आवाज एकदम परत आला. "बाई, वजन वाढवायला पाण्यात भिजवले का? आम्ही काय आजच बाजारात आलो?"

"असं चालणार नाही," मीही दम भरला.

कोळणीनं कमरेवर हात ठेवले. "काय काका, ओला बोंबील कदी बगलाच नाय काय? समुद्रातून काय वाळून येतो?"

सगळी रांग हसली. आबांनी अक्कांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. वर्षानुवर्षांचा समुद्र त्या पाटीपाशी आटला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

बोंबील घेऊन परतलो. तंबू गुडघाभर पाण्यात उभा होता. स्टोव्ह दिसत नव्हता. भाकरी मात्र ऐटीत तरंगत होत्या. मी पॅंट वर करून पातेल्यामागे धावलो. मागे वळलो, तर ती दोघं वाळूत बसलेली.

"मी कधी आलोच नव्हतो," आबा म्हणाले.

"तुम्हना ट्रक कोठे जाये, माले माहीत नही का?" अक्का लाटांकडे बघत होत्या. "पन यान्हापेक्षा तुम्हना समुद्र चांगला व्हता."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

घरी आलो, तर गल्ली ओट्यावर जमलेली. "काय आबा, कसं झालं?" आबा मॅटाडोरमधून ताडपत्री काढू लागले. अक्काच पुढे झाल्या. "तठला बठ्ठा लोक यास्ले वळखतस!" बाजारातलं भांडण पाहता हे अगदीच खोटं नव्हतं. मी साक्षीदार म्हणून मान डोलावली.

पुढे आबा गेले. ओट्यावर गोष्टी आता अक्का सांगायच्या. लाटा दरवर्षी थोड्या उंच व्हायच्या आणि आबा त्यांच्यासमोर छाती काढून उभे असायचे. तंबू ठोकणारा भूगोलाचा मास्तर त्या गोष्टीत कधीच आला नाही. अक्कांचे माझ्यावर एवढे उपकार आहेत.