चंपाकाकूंनी सोडलेलं इंटरनेट

धन्यकुमार अण्णा पेपर वाचायचे तो हळदीच्या भावापासून. पेजर कमरेला लावण्याऐवजी शर्टाच्या खिशात ठेवायचे. वाजला की हात छातीवर जायचा. टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघायचे. आणि बायको, चंपाकाकू, कॉम्प्युटरसमोर बसल्या, की अण्णांना सारखी तहान लागायची. माठ कॉम्प्युटरच्या मागे होता.

अण्णांची सांगलीत हळदीची अडत. एम.ए. होऊन घरी बसलेल्या, गल्लीतल्या प्रबुद्धला त्यांनीच काकूंना कॉम्प्युटर शिकवायला बोलावलं होतं. मुलगी दीपाली लग्न करून अमेरिकेला गेली होती. तिची ई-मेल रोज यायची, पण आईच्या नावानं. काकू वाचून एकट्याच हसायच्या.

"काय म्हणती?" अण्णा विचारायचे.

"काय न्हाई. बायकांचं हाय."

ताप आला की हीच पोर आपल्या मांडीवर झोपायची, असं अण्णा प्रबुद्धला पुन्हा पुन्हा सांगायचे.

नव्व्याण्णवच्या आषाढात केबल, पेजर, इंटरनेट, तिन्हींची मुदत संपत आली. यातलं एकच ठेवायचं, असं अण्णांनी जाहीर केलं. पेजरवर फक्त अडतीतल्या गुंडा दिवाणजीचे निरोप. केबलवर बघण्यासारखं काही नाही. हे अण्णाच बोलून गेले. उरलं इंटरनेट. त्यांना नको होतं ते नेमकं तेच.

काकू चातुर्मासात दरवर्षी काहीतरी सोडत. यंदा कॉम्प्युटर सोडला तर, असं अण्णांनी सहज विचारल्यासारखं केलं. काकूंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. दुसऱ्या दिवशी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुनिमहाराजांपुढे नियम घेऊन आल्या: कार्तिकापर्यंत कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, ई-मेल वाचायची नाही, कुणाकडून ऐकायचीही नाही.

"सोडलं," त्या म्हणाल्या. "आता रोज तुमीच लिवा तिला."

केबल गेली, पेजर गेला. इंटरनेट राहिलं. अण्णा प्रबुद्धकडून एका बोटानं टाइप करायला शिकले. दीपालीचं पहिलं उत्तर एका ओळीचं आलं: बाबा, आई बरी आहे ना? त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. पण लिहीत राहिले. पाऊस, सौदे, शेजारच्यांचं भांडण. हळूहळू तिची पत्रं लांबली. भाद्रपदात एकदा अण्णा पडद्याकडे बघून मोठ्यानं हसले.

"काय म्हणती?" काकूंनी न राहवून विचारलं.

"काय न्हाई. हळदीचं हाय."

काकू उठून आत गेल्या. अण्णांना लय गोड वाटलं. ते गोड जेवणापर्यंतही टिकलं नाही, हे त्यांनीच प्रबुद्धला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं आणि ते लिहायला बसले. तेवढ्यात गुंडा सौद्याला बोलवायला आला.

बाजारात हळदीच्या ढिगाशेजारी अण्णा खाली बसले. ते उठले नाहीत.

तेरावा झाल्यावर प्रबुद्धनं कॉम्प्युटर लावला. न पाठवलेली एक ई-मेल होती. 'दीपाली, कार्तिकानंतर पत्र दोघांच्या नावानं लिहीत जा. तुझ्या आईला'

पुढं काही नव्हतं.

"काकू, वाचून दाखवू? पुरी करून पाठवू?"

काकूंनी तोंड भिंतीकडे वळवलं. कार्तिक अजून लांब होता.