पाकिटावरचा शब्द

परळच्या पुलाखाली घड्याळं दुरुस्त करणारे एक काका बसतात. नाव मी कधी विचारलं नाही. आलेलं घड्याळ ते खाकी पाकिटात घालतात आणि वर पेन्सिलीने एक इंग्रजी शब्द लिहितात. आईच्या बंद पडलेल्या घड्याळावर त्यांनी लिहिलं, 'माइट'. नर्स होती तेव्हा आई त्याच घड्याळावर पेशंटची नाडी मोजायची.

"म्हणजे होईल ना, काका?"

"माइट म्हणजे आशा थोडी. मे म्हणजे जरा बरी. प्रोबॅबली आलं की घरी सांगा."

मग ऑफिसला जाताना मी रोज पाकीट बघायला थांबू लागले. सोमवारी 'माइट' खोडून 'मे' झालं. गुरुवारी 'प्रोबॅबली' दिसलं आणि मी तिथूनच आईला फोन लावला.

शनिवारीही तोच शब्द. मला राहवेना. "डेफिनेटली कधी लिहिणार?"

"ते मी लिहीत नाही," म्हणत त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि घड्याळ माझ्या कानाला लावलं. ते चालू होतं.

घरी आईने ते मनगटावर बांधलं, माझा हात धरला आणि काट्याकडे बघत राहिली.

"केवढी पळतेय गं तुझी नाडी," ती म्हणाली.